वाकळीची मिसल

माझ्या घरातील मंडळी हल्ली माझ्या डोळ्यांसमोर जुने कपडे घालून वावरण्याचे शक्यतो टाळतात. चिरंजीव कचेरीतून आले, की अंगातला सदरा खुंटीला न अडकवता कपाटात ठेवतात आणि कपाटाची किल्ली खिशात टाकतात. सूनबाई दोरीवर वाळत घातलेले कपडे मी दुपारी आडवा होण्यापूर्वी मोजते आणि मी उठल्यावर पुन्हा मोजते. आणि आमच्या सौभाग्यवतीने तर आपली सुती इरकली लुगडी एका ट्रंकेत भरून ती ट्रंक बार्शीला, माहेरी, सुरक्षित जागी हलवली आहे. एवढ्या दहशतीचे कारण म्हणावे तर अगदी क्षुल्लक आहे. सरकारी नोकरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी वाकळी शिवण्याचा छंद जडवून घेतला, इतकाच काय तो माझा गुन्हा.

निवृत्त माणसाने काहीतरी छंद धरावा असे सर्व हितचिंतकांचे मत पडते, कारण तो न धरल्यास तो हितचिंतकांच्या ओसरीवर जाऊन बसतो. परंड्यासारख्या गावात छंदांना तोटा नाही. गावात उत्तम भुईकोट किल्ला आहे, भोवती खंदक आहे, तेव्हा इतिहाससंशोधन करावे हा विचार माझ्या मनात प्रथम आला. परंतु चौकशीअंती त्या क्षेत्रात बेसुमार गर्दी असल्याचे आढळून आले. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबराने मुर्तजा निजामशहास परंड्यात गादीवर बसवले, सबब आमचे गाव काही काळ का होईना राजधानीचे गाव होते, ही हकिकत येथे केशकर्तनालयात गळ्याशी वस्तरा असताना ऐकावी लागते आणि त्या अवस्थेत कोणासही मतभेद नोंदवता येत नाही. मग परमार्थाकडे वळावे म्हटले. हंसराजस्वामींचा मठ गावातच, आणि कल्याणस्वामींचे डोमगाव सीनेच्या काठी तालुक्यातच. कल्याणस्वामींविषयी मला विशेष आपुलकी वाटते, कारण समर्थ सांगत गेले आणि यांनी दासबोध उतरून घेतला, म्हणजे ते एका अर्थी आमच्याच लेखनिक वर्गातले. तथापि वरिष्ठांनी सांगितलेले उतरून घेण्यात सबंध हयात गेल्यावर निवृत्तीनंतरही पुन्हा तेच करावे याला मन राजी होईना.

अशा द्विधा मनःस्थितीत असताना, सुगी संपल्यानंतरच्या एका उन्हाळी दुपारी, आमच्या गल्लीतील बायामाणसे ढाळजेत वाकळ पसरून चारी बाजूंनी टाके घालीत बसलेली माझ्या दृष्टीस पडली, आणि पाहता पाहता माझी खात्री झाली, की हे काम मूलतः कचेरीचेच आहे. ठिकठिकाणांहून आलेली जीर्ण प्रकरणे एकावर एक रचायची, ती कडेने टाचून घ्यायची आणि त्यावर कोणालाही निर्वेधपणे झोपता येईल अशी व्यवस्था करायची, हे मी तीस-पस्तीस वर्षे पगार घेऊन करीत आलो होतो.

आमच्या भागातील जुन्या गृहिणींनी वस्त्रांच्या बाबतीत जी सेवानियमावली घालून दिली होती तिच्यापुढे कोणत्याही सरकारी खात्याने मान लवावी. नवे लुगडे आले, की त्याची पहिली नेमणूक सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेला किंवा जवळच्या लग्नाला व्हावयाची; तेथे माकडांनी वा वऱ्हाडी मंडळींनी काही ओढाताण केली नाही, तर ते सणावारी कायम होत असे. पुढे रोजच्या नेसणीत बदली, काठ झिजले, की मधला चांगला भाग बाळंतिणीच्या खोलीत दुपटे आणि कुंची या पदांवर रुजू, उरलेले वाकळीत, आणि वाकळही फाटल्यावर पोतेरे म्हणून निवृत्तिवेतनावर. या सबंध व्यवहारात वाकळीचे स्थान उपान्त्य असे. कपडा अगोदर जीर्ण होई आणि वाकळ मागाहून जन्मास येई, आणि धुऊन धुऊन साईसारखे मऊ झालेले ते सूत अंगावर घेतले, की माघातील थंडीही उंबऱ्याबाहेर तहकूब राही.

माझ्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. वाकळ शिवण्याचा संकल्प प्रथम सुटला, सुई, दोऱ्याची रिळे आणि पितळेचे एक अंगुस्तान यांची खरेदीही झाली, आणि नंतर असे निदर्शनास आले, की घरात जीर्ण सुती वस्त्र म्हणून शिल्लक नाही. नऊवारी नेसणारी पिढी सरत आली; पाचवारी आल्या त्या बहुतांशी कृत्रिम धाग्याच्या, ज्या फाटत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि थरावर थर ठेवला, की एकमेकींवरून घसरून खाटेखाली जातात. टेरिकॉटची विजार तर अशी, की तिच्यातून सुई जात नाही. आणि गेलीच, तर थेट बोटात जाते. अशा मालाची वाकळ शिवून मी चिरंजीवांना पांघरावयास दिली असता मध्यरात्री ते घामाने निथळत अंगणात येऊन बसले आणि उजाडेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

येथून माझ्या दृष्टीत पालट झाला. पूर्वी माणूस भेटला, की मी त्याचा हुद्दा पाहत असे. आता त्याचे सूत पाहू लागलो. धोतर नेसलेला वृद्ध रस्त्याने चालला, की त्याची ख्यालीखुशाली विचारीत मी त्याच्या सोग्याचे एक टोक दोन बोटांत धरून पाही. शाळेच्या झेंडावंदनास गेलो, तेव्हा सर्व मंडळी मान वर करून देशभक्तीत तल्लीन झालेली असताना मी पाहुण्यांच्या खादीच्या पोताचा अंदाज घेत होतो. या वृत्तीचा कळस एका लग्नात झाला. वधूपक्षाकडील विहीणबाई जुनी, सुती, काठाला किंचित विरलेली नारायणपेठी नेसून पंगतीत आग्रह करीत हिंडत होत्या आणि त्या पदराचा मऊपणा मला दोन हात अंतरावरूनही जाणवत होता. अत्यंत आदरपूर्वक मी विचारले, “विहीणबाई, आणखी किती वर्षं काढायचा विचार आहे?”

माझा प्रश्न लुगड्यासंबंधी होता. विहीणबाईंच्या हातातील जिलब्यांचे ताट जागच्या जागी थांबले. व्याहीबुवांनी घसा खाकरला आणि गंभीरपणे सांगितले, “तब्येत ठणठणीत आहे त्यांची. डॉक्टरनी काही काळजीचं नाही म्हणून सांगितलंय.” त्या दिवशी मठ्ठ्याची वाटी माझ्या पानापर्यंत आली नाही.

तथापि माझा खरा संघर्ष जडला तो बोहारणीशी. जुन्या कपड्यांच्या मुलखावर तिचा अंमल पिढीजात. मी तिच्या दृष्टीने नुसता घुसखोर. एके दुपारी सौभाग्यवतीने माझा डोळा चुकवून दोन मऊसूत लुगडी आणि माझेच एक धोतर देऊन स्टीलचा डबा घेतल्याचे वृत्त मला नातवाकडून समजले, तेव्हा मी वहाणा न घालता वेशीपर्यंत धावलो आणि बोहारणीला गाठून तो सौदा रद्द करण्याविषयी तोंडी दरखास्त दिली.

“डबा परत आणा,” ती म्हणाली.

डब्यात तोवर साखर भरली गेली होती आणि सौभाग्यवती त्याच्यावर हात ठेवून उभी होती. नाइलाजाने मी पडवीतले पितळी पातेले आणून दिले. बोहारणीने ते उन्हात धरून उलटसुलट पाहिले, बोटाने वाजवले, आणि तिच्या ध्यानात काही तरी आले. “मालक,” ती सौम्य झाली, “अजून चार लुगडी हैत माझ्याकडं. मऊ हैत. परातीवर सोडते.” जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीला भांडी देऊन तिच्याकडून जुने कपडे घेणारा असा इसम परंडा तालुक्यात माझ्यापूर्वी झाला नसावा. पुढे ती आमच्या दारी येऊन ‘भांडीऽऽ’ अशी आरोळी देईनाशी झाली, ती थेट विचारी, “अण्णा हैत का घरात?” आणि तिचा आवाज ऐकताच स्वयंपाकघरातून ताटल्या फळीवरून उतरवून कुलपात पडत असल्याचा ध्वनी येई.

हा मार्ग बंद झाल्यावर मी एसटीने बार्शीस गेलो आणि कोऱ्या सुती कापडाचा तागा घेऊन आलो. कोरे कापड वाकळीस अयोग्य, म्हणून ते जुने करण्याचा उद्योग आरंभिला. सोड्याच्या पाण्यात उकळणे, दगडावर आपटणे, उन्हात टाकणे आणि पुन्हा उकळणे, असा क्रम काही दिवस चालल्यावर ते कापड पाच-सहा वर्षे वापरल्याइतके दीन दिसू लागले. मग त्याचे चौकोनी तुकडे फाडले. मग ते तुकडे एकमेकांस जोडू लागलो. सौभाग्यवती दारात उभी राहून हे सर्व पाहत होती.

“एक विचारू का?” ती म्हणाली. “अख्खं होतं तेव्हा काय वाईट होतं?”

स्त्रियांना कलेची दृष्टी नसते असे मी म्हणणार होतो, परंतु कणिक मळण्याची परात तोवर बोहारणीकडे पोचली असल्यामुळे मी सौम्य धोरण स्वीकारले आणि तिला जगाचा दाखला दिला. अमेरिकेत केंटकी राज्यातील पडुका या गावी १९९१ पासून नुसत्या वाकळींचे संग्रहालय आहे, हे मी तिला सांगितले. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे; तेथील कृष्णवर्णीय कष्टकरी बायांनी शेतात घालून विरलेले कपडे जोडून शिवलेल्या वाकळी २००२ साली न्यूयॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर चित्रांसारख्या टांगल्या गेल्या, आणि २००६ साली तिकडच्या सरकारने त्यांची टपाल तिकिटे काढली, हेही मी तिला सांगितले. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“त्या बायांनी कपडे आधी फाटू दिले होते ना?” एवढेच विचारून ती आत गेली.

प्रत्यक्ष शिवणकामास जागा लागते, आणि वाकळ पसरली, की घरातील दळणवळण बंद पडते. ढाळजेत मी सतरंजी अंथरली, तीवर अस्तर, त्यावर थर, आणि त्यावर तुकड्यांची नक्षी अशी मांडणी केली, आणि सबंध कुटुंब भिंतीला पाठ लावून, पाय आडवे टाकीत, देवघरातून स्वयंपाकघरात जाऊ लागले. मांजर मात्र नेमके मध्यभागी येऊन बसे आणि नातू मांजराला काढण्यासाठी मध्यभागी जाई. टाके घालण्याची पद्धत अशी, की चारी कडांनी सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने आत यावे. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगुस्तान बोटात, असा मी तल्लीन झालो असताना एकादशीच्या संध्याकाळी भजनी मंडळाची माणसे आपली सतरंजी परत नेण्यासाठी आली. कारण सतरंजी त्यांची होती आणि मी ती तात्पुरती मागून आणली होती.

“अण्णा, तेवढी वाकळ उचलता का?”

“उचलतो की,” असे म्हणून मी एक टोक उचलले. सतरंजीही उठली. दुसरे टोक उचलले. सतरंजी तिकडूनही उठली. मंडळी काही वेळ निःशब्द उभी राहिली, अखेर मृदंगवाले बुवा, जे हंसराजस्वामींच्या मठात नित्य श्रवणास जात, ते हात जोडून म्हणाले, “अण्णा, हे तर अद्वैत झालं!”

उसवण्यास वेळ नव्हता. चौघांनी मिळून ते ऐक्य मंदिरात नेले आणि त्या रात्रीचे भजन माझ्या वाकळीवर झाले. भजनात जेवढे लोक त्या रात्री झोपले तेवढे पूर्वी कधी झोपल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

पुढे सतरंजीची सुटका करून काम पुनश्च हाती घेतले, तेव्हा वेगळाच प्रश्न उपस्थित झाला. चारी बाजूंनी आत येता येता प्रत्येक बाजूचे थोडे थोडे कापड पुढे सरकत गेले होते आणि ते सर्व मध्यभागी येऊन जमा झाल्यामुळे तेथे एक बुरूज निर्माण झाला होता. पलीकडच्या आजींना तज्ज्ञ म्हणून पाचारण केले. त्यांनी त्या उंचवट्यावर हात फिरवला, थोडा वेळ विचार केला आणि निकाल दिला, “उशी येगळी घ्यायला नगं.” मग त्यांनी आणखी एक आदेश दिला. वाकळ पुरी होताना तिच्या पोटात घास ठेवायचा असतो, नाहीतर उपाशी वाकळ अंगावर घेणाऱ्याला झोपू देत नाही. घास म्हणजे भाकरीचा एवढासा तुकडा, असे त्यांनी नखावर दाखवले; परंतु मी सरकारी नोकरीत असताना भोजनभत्त्याच्या बाबतीत जे कार्पण्य सोसले ते माझ्या वाकळीने का सोसावे, या उदार विचाराने मी तिच्या पोटात तूप लावलेली पुरणाची पोळी घातली.

तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी ताबा घेतला. तो ताबा इतका शांततामय, अखंड आणि सर्वांच्या समक्ष होता, की दिवाणी कायद्याने वाकळ त्यांचीच झाली असती. अखेर मधला भाग उसवून पोळी काढावी लागली आणि वाकळ धुण्याची वेळ आली.

ज्याने ओली वाकळ उचललेली नाही त्याने वजन या विषयावर बोलू नये. आमच्या किल्ल्यावरील मुलूखमैदान तोफ, जी १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली आणि सुमारे ५५ टन वजनाची आहे, ती १६३२ साली येथून विजापुरास नेली, ही गोष्ट गावात आजही हळहळून सांगितली जाते. ती नेणाऱ्यांच्या पराक्रमाविषयी मला पूर्वी आदर होता. परंतु ती तोफ कोरडी होती. शिवाय त्यांना ती माळवदावर चढवावयाची नव्हती. आम्ही घरातील सर्व पुरुष, दूधवाला आणि मीटर पाहावयास आलेला एक होतकरू तरुण अशा मनुष्यबळानिशी ती वाकळ जिन्यावरून वर नेली आणि कठड्यावर टाकली. आणि ती ठिबकू लागली. सकाळी ठिबकत होती, दुपारी ठिबकत होती, दुसऱ्या दिवशीही ठिबकत होती. कठड्याखाली शेजारच्या काकूंच्या अंगणात कुरडयांचे वाळवण होते.

“अण्णा,” खालून काकूंचा आवाज आला, “तुमची वाकळ कशाला रडायली व्हय? आमच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला की!”

नुकसानभरपाईदाखल काकूंना त्यांच्या नातीसाठी दुपटे शिवून देण्याचे मी मान्य केले. काकूंनी ते लेखी नको, आणि दुपटेही नको, असे कळवले.

वाळल्यानंतर मधला भाग पुन्हा शिवला, बुरूज थोडा खाली दाबला, शेवटची गाठ मारली, आणि सुई ठेवण्यासाठी हात पुढे केला तो हातात सुई नव्हती. दोऱ्याचे टोक होते, सुई नव्हती. घरात एकदम संचारबंदी झाली. मुलांना खाटेवर उचलून ठेवले, मांजराला बाहेर काढले, आणि चिरंजीवांनी एका मोडक्या ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक आणून वाकळीवरून व भुईवरून फिरवले. त्या मोहिमेत घरातील यच्चयावत टाचण्या, एक खिळा आणि नातवाने दडवलेले रुपयाचे नाणे एवढा ऐवज हाती लागला. सुई मिळाली नाही. पंचनाम्याअंती एवढेच निष्पन्न झाले, की सुई वाकळीत दाखल आहे आणि खारीज झाल्याचा पुरावा नाही. म्हणजे कित्येक महिन्यांच्या परिश्रमानंतर एक वाकळ सर्वांगपूर्ण तयार झाली होती आणि तिच्यावर पाठ टेकण्यास घरात एकही माणूस राजी नव्हता. मी स्वतः, निर्माता या नात्याने, तिच्याशी थोडे अंतर राखून असे.

तिची घडी करून ती मी सन्मानपूर्वक फडताळात ठेवली, आणि बार्शीहून माझे मेहुणे आले. मेहुणे येतात ते ‘सहज’ येतात आणि सहज आलेला माणूस कधी जाईल हे सांगता येत नाही. मागील खेपेस ते आखाडात आले होते ते पितृपंधरवडा जेवून गेले. या खेपेस त्यांच्या आदरातिथ्याची तजवीज मी स्वतःकडे घेतली. खाटेवर ती वाकळ चौपदरी घडीने अंथरली, वर धुतलेली सोलापुरी चादर घातली, आणि अंथरूण पाहून पाय पसरावे हा पूर्वजांचा उपदेश पाहुण्यांनी आज तरी अक्षरशः पाळावा अशी मनोमन इच्छा करून दिवा मालवला. रात्री एकदा ‘आई गं’ असा उद्गार ऐकू आला. मी सकाळच्या एसटीचे वेळापत्रक काढून ठेवले.

सकाळी मेहुणे चहाला आले ते ताठ चालत.

“दाजी,” त्यांनी माझा हात हातात घेतला, “सहा महिने झाले, कंबर धरली होती बघा. बार्शीला दाखवलं, सोलापूरला दाखवलं, काही उपयोग झाला नाही. तुमच्या त्या वाकळीत डाव्या अंगाला एक जागा आहे. तिथं कंबर टेकली, कायतरी चमकलं, आणि शीर मोकळी झाली एकदम! अशी झोप लग्नाच्या आधी लागत होती.”

ते अद्याप आमच्याकडेच आहेत. दरम्यान त्यांनी ही वार्ता बार्शीस कळवली असून, त्यांचे एक साडू गुडघ्यासाठी आणि एक मित्र मानेसाठी येत्या शनिवारी मुक्कामास येत आहेत. मी ही बातमी सौभाग्यवतीच्या कानी घातली तेव्हा ती भाकरी थापीत होती, परात नसल्यामुळे पाटावर. तिने वर न पाहता सांगितले,

“मग बसलाय काय? बाकीच्या वाकळींतही एकेक सुई हरवून ठेवा.”